करेन: विखुरलेल्या डोंगरी समाजाचे राष्ट्र होताना

१८२८ साली ब्रह्मदेशाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या तावॉय गावात जॉर्ज बोर्डमन या तरुण अमेरिकन मिशनऱ्याकडे डोंगरातली काही करेन माणसे एक पुस्तक घेऊन आली. पुस्तक टोपलीत होते, मलमलीच्या घड्यांत गुंडाळलेले. बारा-एक वर्षांपूर्वी कुणी परदेशी वाटसरू ते गावात ठेवून गेला होता आणि जाताना याची पूजा करा, असे सांगून गेला होता. गावाने त्याचा शब्द पाळला. पुस्तकाची राखण एकाकडे सोपवली आणि त्याच्यापुढे माथे टेकले. त्यातले एक अक्षरही कुणाला वाचता येत नव्हते. बोर्डमनने घड्या उलगडल्या तेव्हा आतून निघाले ऑक्सफर्डला छापलेले अँग्लिकन प्रार्थनापुस्तक, स्तोत्रांसकट. पुस्तक चांगले आहे, पण पूजा पुस्तकाची करायची नसते, असे त्याने त्यांना समजावले.

अक्षरओळख नसलेला समाज एका पुस्तकाला एवढा का जपत होता, याचे उत्तर त्यांच्या जुन्या कथेत आहे. य्वा नावाच्या निर्मात्याने आपल्या मुलांना एकेक पुस्तक दिले. करेन हा थोरला. शेताच्या कामात गुंतल्यामुळे त्याने आपले पुस्तक तसेच टाकून दिले. कुठे सांगतात की ते शेतभाजणीत जळाले, कुठे सांगतात की कोंबड्यांनी टोचून संपवले. धाकटा गोरा भाऊ आपले पुस्तक घेऊन समुद्रापार गेला आणि तो ते घेऊन एक दिवस परत येणार होता. मिशनऱ्यांनी ही कथा हर्षाने लिहून घेतली आणि अमेरिकेतल्या देणगीदारांना पुन्हा पुन्हा ऐकवली, त्यामुळे तिच्यावर त्यांचा थोडाफार हात फिरला असणारच. पण कथेच्या गाभ्यातले दुःख करेनांचेच होते. शेजारच्या बर्मी आणि मोन लोकांकडे ग्रंथ होते, राजे होते, मठ होते, आणि आपल्याकडे यातले काहीच नाही, हे शल्य त्यात आहे.

त्या काळी करेन हे एक राष्ट्र आहे असे कुणी म्हटले असते, तर खुद्द करेनांनाही ते उमगले नसते. स्गॉ आणि प्वो हे त्यांचे दोन मोठे गट. एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही. शिवाय कया, पाओ आणि इतर लहान गट वेगळेच. सालवीन नदीच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांत, तेनासेरीमच्या किनारपट्टीत आणि इरावतीच्या खोऱ्यात त्यांची वस्ती पसरलेली. डोंगरातले गाव म्हणजे वीस-तीस घरे. शेती फिरती: उतारावरचे रान तोडायचे, वाळले की भाजायचे, राखेत भात पेरायचे आणि एक-दोन पिके घेतली की ते रान पुढची काही वर्षे पडीक ठेवून दुसरीकडे जायचे. सह्याद्रीत जिला कुमरी म्हणत, तीच ही पद्धत. बर्मी राजाची माणसे सारा आणि वेठबिगार मागायला येत, तेव्हा गाव आणखी वरच्या डोंगरात सरके.

या गावाला एकत्र धरून ठेवणारी गोष्ट राजा नव्हती, की धर्मग्रंथही नव्हता. ती होती आईकडून चालत आलेली नाती. स्गॉ करेनांत लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. घर बाईचे मानले जाते. घरात कुणी सारखे आजारी पडू लागले की पूर्वजांच्या आत्म्यांना जेवू घालण्याचा विधी करावा लागे. त्यासाठी वेगळी डुकरे आणि कोंबड्या पाळलेल्या असत. घराण्यातली सर्वांत वडीलधारी बाई विधीची प्रमुख. आईच्या नात्यातले झाडून सगळे हजर हवेत, मग कुणी दोन डोंगर पलीकडे का नांदत असेना. एक जण जरी आला नाही तरी विधी फुकट जाई आणि दुखणे उलटे, अशी श्रद्धा होती. जनावर कापायचे, शिजवायचे, ठरलेल्या क्रमाने प्रत्येकाने घास घ्यायचा, आणि तोवर कुणी उंबऱ्याबाहेर जायचे नाही.

या विधीवर मी मुद्दाम रेंगाळलो, कारण करेन समाजातला पुढचा बदल याच उंबऱ्यावर घडला. माणसे जवळ राहतात तोवर असा विधी घराण्याला बांधून ठेवतो. माणसे लांब गेली की तोच विधी गळ्याला फास होतो. कुणी सागाच्या तोडीवर गेला, कुणी शाळेला, कुणी सपाटीवर भातशेती करायला उतरला, की सगळ्यांना गोळा करणे अशक्य आणि विधी टाळला तर भीतीही जीवघेणी. ख्रिस्ती झालेल्या किंवा बौद्ध मठाच्या आश्रयाला गेलेल्या माणसाला या ओझ्यातून मोकळीक मिळत असे. करेनांचे धर्मांतर सांगताना हरवलेल्या पुस्तकाची कथा सगळे सांगतात. डुकरे, कोंबड्या आणि लांब गेलेली भावंडे यांचा हिशेब सहसा कुणी सांगत नाही. माझ्या मते तो हिशेब जास्त महत्त्वाचा आहे.

१६ मे १८२८ रोजी तावॉयला बोर्डमनने पहिल्या करेनाला बाप्तिस्मा दिला. त्याचे नाव को था ब्यू. दरोडेखोरीत आयुष्य घालवलेला, अनेक खुनांचा धनी, कर्जापायी गुलाम झालेला हा पन्नाशीतला माणूस. एका बर्मी ख्रिस्ती गृहस्थाने त्याचे कर्ज फेडून त्याला सोडवले होते. पुढे मिशनरी अडोनिराम जडसन यांच्या घरी तो अक्षरे शिकला. उरलेली बारा वर्षे हा माणूस करेन गावे पायाखाली घालत हिंडला. त्याच्या मागोमाग लिपी आली. १८३० च्या दशकात मिशनरी जोनाथन वेड यांनी बर्मी अक्षरांवरून स्गॉ भाषेची लिपी बसवली, आणि पाठोपाठ प्वोचीही. तावॉयला छापखाना उभा राहिला. १८४० च्या दशकाच्या आरंभी तिथून 'पहाटतारा' या अर्थाच्या नावाचे करेन मासिक निघू लागले आणि ते दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालले. १८५३ मध्ये फ्रान्सिस मेसन यांचे संपूर्ण स्गॉ बायबल छापून झाले.

छापखान्याने केवळ धर्म पसरवला असे मानले तर त्याचे खरे काम नजरेआड होते. तेनासेरीमच्या डोंगरातल्या मुलाने आणि पाथेन या इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातल्या शहराच्या आसपासच्या शेतकऱ्याच्या मुलाने प्रथमच एकच पान वाचले. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते, पण दोघेही आता 'आपण करेन' असे म्हणू शकत होते. पाथेनच्या करेन मंडळींनी परदेशी पैशावर विसंबून न राहता आपल्या शाळा आणि देवळे स्वतःच्या भातावर चालवली. १८७८ मध्ये, पहिल्या बाप्तिस्म्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, त्यांनी को था ब्यूच्या नावाने मोठे सभागृह उभारले. तीन वर्षांनी, १८८१ मध्ये, 'करेन राष्ट्रीय सभा' स्थापन झाली. तिच्या करेन नावाचा अर्थच सर्व करेनांची सभा असा होता. आपली भारतीय राष्ट्रीय सभा त्यानंतर चार वर्षांनी, मुंबईत.

मुंबईचा धागा याहून जाड आहे. ब्रह्मदेशात सागाचा मोठा व्यापार करणारी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी मुंबईत स्थापन झालेली. तिच्या जंगलांत हत्तीच्या मानेवर बसून ओंडके नदीपर्यंत ओढणाऱ्या माहुतांत करेनांचा भरणा मोठा होता. त्याआधी डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनाधिकाऱ्याने करेनांच्या फिरत्या शेतीलाच जुंपले होते. रान भाजून भात पेरताना त्याच ओळींत सागाची रोपे लावायची, शेतकरी पुढे सरकला की मागे सागाचे रान उभे राहते. 'तौंग्या' या नावाने ही पद्धत जगभर गेली. ब्रँडिस पुढे हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले प्रमुख झाले आणि त्याच खात्याने आपल्याकडे कुमरी मोडून काढली. डोंगरच्या माणसाचे ज्ञान घ्यायचे आणि डोंगर मात्र त्याच्याकडून काढून घ्यायचा, हा अन्याय दोन्हीकडे झाला.

या कंपनीवर थिबा राजाच्या दरबाराने बसवलेल्या दंडाचे निमित्त करून इंग्रजांनी १८८५ चे युद्ध पुकारले. मराठी वाचकाला हे युद्ध ठाऊक आहे ते रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यामुळे. राजा पदच्युत होऊन इकडे आला आणि तिकडे ब्रह्मदेशभर बंडे पेटली. अनेक ठिकाणी बौद्ध भिक्खूंनी त्यांचे नेतृत्व केले. ती मोडायला सरकारने करेन ख्रिस्त्यांना बंदुका दिल्या आणि करेन तुकड्यांनी भिक्खूंची धरपकड केली. १८८७ मध्ये डोनाल्ड स्मीटन या इंग्रज अधिकाऱ्याने करेनांच्या राजनिष्ठेचे गुणगान करणारे पुस्तकच लिहिले. करेनांच्या बाजूने पाहिले तर शतकानुशतकांच्या जाचाचा तो सूड होता. बर्मी माणसाच्या बाजूने पाहिले तर परक्यांच्या मदतीने घरच्यांवर केलेला वार. पुढच्या पन्नास वर्षांत पोलिसांत आणि फौजेत करेनांची भरती होत राहिली, १९३० च्या साया सानच्या शेतकरी बंडातही तेच घडले, आणि ही गाठ आणखी घट्ट बसली.

याच काळात, १९२५ मध्ये, काही करेन कुटुंबे इंग्रजांनी मध्य अंदमानात नेऊन वसवली. मायाबंदरजवळचे वेबी हे त्यांचे गाव. त्यांचे वंशज आज भारताचे नागरिक आहेत.

१९३१ च्या जनगणनेत ब्रह्मदेशात साडेतेरा लाखांहून अधिक करेन होते. त्यांतले ख्रिस्ती पाचांत एकही नव्हते. बाकी सारे बौद्ध, नाही तर पूर्वजांच्या आत्म्यांना मानणारे. पण सभेत, शाळेत, कायदेमंडळात बोलणारा करेन बहुधा ख्रिस्तीच असे, कारण इंग्रजी त्याला येत होते. डॉ. सान सी. पो त्यांतले सर्वांत मोठे. अमेरिकेत डॉक्टरी शिकलेल्या या गृहस्थांनी १९२८ मध्ये 'बर्मा अँड द करेन्स' हे पुस्तक लिहून करेनांसाठी स्वतंत्र प्रांत मागितला. पुढाऱ्यांना धर्माचा पेच कळत नव्हता असे नाही. १९३० च्या दशकाअखेर करेन नववर्षाला सरकारी सुट्टी मिळाली, तेव्हा तारीख अशी निवडली गेली की ती ना ख्रिस्ती सणाची ना बौद्ध सणाची. ही निवड मला त्या पिढीचे सर्वांत शहाणपणाचे काम वाटते.

मग १९४२ साल आले. जपानी फौजांबरोबर बर्मी स्वातंत्र्य सेना देशात शिरली. इंग्रज मागे हटले तसे करेन सैनिक शस्त्रांसह आपापल्या गावी परतत होते. ती शस्त्रे काढून घेण्यावरून त्रिभुज प्रदेशात, विशेषतः म्याउंगम्या भागात, भडका उडाला आणि करेन गावांची कत्तल झाली. माजी मंत्री सॉ पे था कुटुंबासह मारले गेले. मारणाऱ्यांनी बळी ख्रिस्ती की बौद्ध, स्गॉ की प्वो, हे विचारले नाही. मिशन शाळेने शंभर वर्षांत जे पूर्ण साधले नव्हते, ते त्या काही आठवड्यांनी साधले. प्रार्थनापुस्तक कधी हाती न धरलेल्या शेतकऱ्यालाही आपण करेन आहोत हे कळले, कारण त्याचे घर त्यासाठीच जाळले गेले होते.

तिकडे सालवीनच्या डोंगरात मेजर ह्यू सीग्रिम हा इंग्रज अधिकारी मागेच राहिला होता. करेन वेशात, करेन अन्न खाऊन तो गनिमी तुकड्या बांधत होता. त्याच्या शोधात जपानी लष्करी पोलिसांनी गावेच्या गावे छळली, शेकडो माणसे धरली. हा छळ थांबावा म्हणून मार्च १९४४ मध्ये सीग्रिम आपणहून शरण गेला. त्याच्या करेन साथीदारांना सोडावे ही त्याची विनंती मानली गेली नाही. सप्टेंबरमध्ये रंगूनला त्याला सात करेनांसह मारण्यात आले. एवढ्या निष्ठेनंतर इंग्लंड आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही, असे करेनांना मनापासून वाटत होते. १९४६ मध्ये त्यांचे शिष्टमंडळ लंडनला गेले. त्यांचे आगतस्वागत झाले, मेजवान्या झाल्या आणि बर्मी पुढाऱ्यांशी जमवून घ्या, असा सल्ला मिळाला.

शिष्टमंडळात सॉ बा उ जी होते. पाथेनकडचे सधन जमीनदार घराणे, इंग्लंडमधले शिक्षण, बॅरिस्टरची सनद. ५ फेब्रुवारी १९४७ रोजी रंगूनमध्ये 'करेन नॅशनल युनियन' स्थापन झाली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. आठवडाभरातच, १२ फेब्रुवारीला, पांगलाँग येथे बर्मी स्वातंत्र्यचळवळीचे नेते आंग सान यांनी शान, काचिन आणि चिन पुढाऱ्यांशी करार केला. करेन तिथे नुसते प्रेक्षक होते. शान लोकांकडे सलग मुलूख होता, काचिनांकडे होता. करेनांचा निम्मा समाज बर्मी वस्तीत मिसळून त्रिभुज प्रदेशात राहत होता. नकाशावर कुठेही रेघ ओढली तरी अर्धे करेन बाहेर राहणार, ही खरी अडचण होती. युनियनने संविधान सभेच्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला. दुसरा एक करेन गट आंग सान यांच्या बाजूने गेला. १९ जुलैला आंग सान यांची हत्या झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर मंत्रिमंडळातले करेन मंत्री मान बा खाइंगही मारले गेले. त्या दिवशी दोन्ही समाजांनी आपापला सर्वांत कामाचा माणूस गमावला, असे मी मानतो.

४ जानेवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला. ११ फेब्रुवारीला लाखो करेन रस्त्यावर उतरले. करेन राज्य द्या, बर्म्याला आणि करेनाला सारखा हक्क द्या, आम्हाला जातीय दंगा नको, यादवी नको, अशा त्यांच्या मागण्या होत्या. ज्यांनी यादवी नको म्हणून फलक धरले होते, त्यांच्यावर वर्षभरात यादवी येऊन कोसळली. नाताळच्या आदल्या रात्री, डिसेंबर १९४८ मध्ये, दक्षिणेतल्या पालॉ गावात प्रार्थनेला जमलेल्या करेनांवर हातबॉम्ब फेकले गेले. ३१ जानेवारी १९४९ ला रंगूनच्या वेशीवरच्या इनसेनमध्ये लढाई पेटली. देशाचे सरसेनापती जनरल स्मिथ डन स्वतः करेन होते. त्यांना बाजूला करून ने विन या बर्मी सेनानीला त्या जागी आणले गेले. करेनांनी इनसेन सुमारे ११२ दिवस लढवले. राजधानी हातची जाईल अशी वेळ आली होती, तेव्हा नेहरूंच्या सरकारने रंगूनला शस्त्रे धाडली. शेजारचे नवजात लोकशाही सरकार टिकावे हा नेहरूंचा हेतू समजण्यासारखा आहे, पण त्या बंदुका कुणावर चालल्या हेही आपण विसरता कामा नये.

१२ ऑगस्ट १९५० ला बा उ जी सीमेजवळ मारले गेले. त्यांची कबर बांधली जाऊ नये म्हणून देह समुद्रात टाकण्यात आला. करेन आजही तो दिवस हुतात्मा दिन म्हणून पाळतात. १९५२ मध्ये करेन राज्य निघाले ते पूर्वेच्या डोंगराळ भागापुरते. पाथेनचे, म्याउंगम्याचे करेन त्याच्या बाहेरच राहिले.

नंतरची चाळीस वर्षे डोंगरातच गेली. १९६२ मध्ये ने विन यांनी सत्ता बळकावली. साठच्या दशकाअखेर लष्कराने चार गोष्टी तोडण्याचे धोरण आणले: बंडखोरांचे अन्न, पैसा, बातमी आणि भरती. प्रत्यक्षात त्याचा अर्थ डोंगरातली गावे जाळणे, भाताची कोठारे उद्ध्वस्त करणे आणि माणसांना सपाटीवर हाकलणे असा होता. १९८४ पासून थायलंडच्या हद्दीत निर्वासितांच्या छावण्या वाढत गेल्या. सालवीन आणि मोएई नद्यांच्या मुलखात मॅनरप्लॉ येथे युनियनचे ठाणे होते. शाळा, दवाखाने, वनखाते, न्यायालये असे सगळे राज्य तिथे उभे होते. १९८८ च्या उठावानंतर पळून आलेले बर्मी विद्यार्थी आणि निवडून आलेले खासदारही तिथेच आसऱ्याला आले.

हे ठाणे बाहेरच्या शत्रूने पाडण्याआधी आतून तुटले. युनियनचे वरचे अधिकारी बहुतांश ख्रिस्ती, आघाडीवर मरणारे सैनिक बहुतांश बौद्ध. बढत्या, शिधा, मान यांतल्या भेदभावाची तक्रार जुनीच होती. ऊ तुझाना या करेन भिक्खूला मोएई-सालवीनच्या संगमाजवळच्या टेकडीवर पांढरा पॅगोडा उभारायचा होता. पांढरा कळस विमानांना लांबून दिसेल, बॉम्ब पडतील, म्हणून अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. युद्धाच्या दृष्टीने हरकत रास्त होती. पण बौद्ध सैनिकाने त्यात इतकेच ऐकले की आपल्याच राज्यात आपल्या देवाला जागा नाही. डिसेंबर १९९४ मध्ये शेकडो सैनिक फुटले, त्यांनी बौद्ध करेनांची वेगळी सेना काढली आणि ती लष्कराला जाऊन मिळाली. डोंगरवाटा दाखवणारे आता घरचेच होते. २७ जानेवारी १९९५ ला मॅनरप्लॉ पडले.

करेन ही ओळख मिशनऱ्यांनी बनवली आणि म्हणून ती खोटी, असे बर्मी राष्ट्रवादी फार वर्षे म्हणत आले. हे मला अजिबात पटत नाही. लिपी बाहेरून आली हे खरे, पण ती उचलून घेणारी, तिच्यासाठी भात विकून शाळा बांधणारी माणसे आतली होती. करेन पुढाऱ्यांची चूक वेगळी होती. ज्या शाळेने त्यांना घडवले, त्या शाळेलाच त्यांनी सारा समाज मानले. डोंगरातली पूर्वजांची पूजा करणारी आजी आणि पॅगोड्यापुढे बसणारा शिपाई यांना त्यांनी अनुयायी म्हणून मोजले, भागीदार म्हणून नाही. त्याची किंमत १९९५ मध्ये मोजावी लागली.

सीमेपलीकडे, थायलंडच्या डोंगरांत, कहाणीने वेगळे वळण घेतले. तिथल्या डोंगरी जमातींत करेन संख्येने सर्वांत मोठे. तिथे कुणी राज्य मागितले नाही. तिथला झगडा रानाचा आहे. फिरती शेती म्हणजे जंगलतोड असा ठपका ठेवून गावे हलवली गेली. २०११ मध्ये केंग क्राचान राष्ट्रीय उद्यानात करेनांच्या झोपड्या जाळल्या गेल्या आणि २०२१ मध्ये तेच वन जागतिक वारसा ठरले. तिथला करेन तरुण म्हणूनच आपली ओळख भाषेपेक्षाही शेतीत शोधतो. आम्ही रान भाजतो ते पुन्हा वाढू देण्यासाठी, हे तो सरकारी सभांत उभा राहून सांगतो. पडीक रानातली झाडे आणि बियाणी यांची नावे सांगणारी म्हातारी माणसे त्याच्यासाठी आता वकिलांइतकी मोलाची आहेत.

छावण्यांतही नवी घडण झाली. मे ला ही त्यांतली सर्वांत मोठी छावणी. तिथल्या शाळांत प्वो घरची मुलेही स्गॉ शिकून मोठी झाली. २००५ च्या सुमारापासून हजारो कुटुंबे अमेरिकेत गेली आणि मिनेसोटातले सेंट पॉल हे करेनांचे मोठे शहर झाले. ऑगस्टमध्ये मनगटाला पांढरा दोरा बांधून भरकटलेल्या प्राणांना परत बोलावण्याचा जुना विधी तिथे आता सभागृहे घेऊन साजरा होतो. ख्रिस्ती करेनांची मुलेही हात पुढे करतात. एके काळी हाच विधी त्यांच्या पणजोबांनी देवळात जाताना टाकून दिला होता.

ब्रह्मदेशात २०१२ मध्ये शस्त्रसंधी झाली, २०१५ मध्ये करारावर सह्या झाल्या आणि १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावाने सगळे पुसले गेले. रंगून आणि मंडालेतले बर्मी तरुण पुन्हा करेन डोंगरात शिरले, तिथे शस्त्र चालवायला शिकले आणि करेनांच्या खांद्याला खांदा लावून आपल्याच लष्कराशी लढले. डिसेंबर २०२४ मध्ये, जवळपास तीस वर्षांनी, मॅनरप्लॉ करेन सैनिकांनी परत घेतले.